छावणीतली शाळा आणि हातातलं काम

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीच्या शिवारातून पूर्वेला निघालं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि दुकानांच्या पाट्यांवरची लिपी बदलते. आज ही दोन राज्यांची हद्द आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथून पुढे हैदराबादच्या निजामाचं राज्य सुरू होत असे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षभरात रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाच्या धास्तीने गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद या जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबं हद्द ओलांडून अक्कलकोट, सोलापूर, बार्शीकडे आली. कुणी नातेवाइकांच्या ओसरीवर राहिलं, कुणी देवळात, कुणी धर्मशाळेत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारत सरकारची पोलीस कारवाई सुरू झाली, पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली आणि यातले बरेच लोक घरी परतले. त्यानंतर दुसऱ्या बाजूच्या लोकांवर पाळी आली. पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाअखेर या भागाचा दौरा केला. कारवाईनंतरच्या हिंसेची सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं दिली. मारली गेलेली आणि परागंदा झालेली ही कुटुंबं मुख्यतः मुसलमानांची होती. समितीचा अहवाल पुढे कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. पण त्या वर्षी हद्द ओलांडून आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाची शाळा कुठे सुटली, पुन्हा सुरू झाली का, कोणत्या भाषेत झाली, त्याच्या बापाच्या हातातलं कसब नव्या गावात चाललं का, हे प्रश्न फारसे कुणी विचारले नाहीत. प्रस्तुत पुस्तक हेच प्रश्न विचारतं. संघर्षामुळे घरदार सुटलेल्या माणसांचं शिक्षण आणि धंदेशिक्षण, आणि तेही त्यांच्या समाजाने स्वतः उभं केलेलं किंवा स्वतःच्या हातात ठेवलेलं, हा त्याचा विषय आहे. सीमेवरच्या एका लहान गावातून या विषयाकडे पाहण्याला अर्थ आहे. इथल्या मुलाच्या घरात कन्नड बोलली जाते, बाजारात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात, तालुक्यात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. शिकण्याची भाषा कोणती, हा प्रश्न इथे शिक्षकापुढे रोज सकाळी उभा असतो. विस्थापितांच्या शाळेत तोच प्रश्न शंभर पटींनी तीव्र होतो.

सोलापूर जिल्ह्याला स्थलांतर नवं नाही. दुष्काळाने आणि उसाच्या तोडीने इथली माणसं वर्षानुवर्षं हलवली आहेत. मात्र संघर्षातलं विस्थापन वेगळं असतं. दुष्काळात निघालेला माणूस दाराला कुलूप लावून निघतो आणि पाऊस पडला की परततो. दंगलीत किंवा युद्धात निघालेल्याला कुलूप लावायलाही वेळ मिळत नाही. घरी राहिलेल्या कागदांत जमिनीचा उतारा असतो, रेशनकार्ड असतं आणि मुलाचा शाळेचा दाखला असतो. नव्या गावच्या शाळेत पहिली अडचण याच दाखल्याची येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं आणि मोठ्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही केली. कायदा चांगला आहे. पण छावणीतल्या बाईला तो कुणीतरी सांगावा लागतो, तिच्याबरोबर मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत चालत जावं लागतं. हे चालत जाणं बहुतेक वेळा तिच्याच समाजातला कुणी थोडा शिकलेला माणूस करतो. समाजाधारित शिक्षणाची सुरुवात प्रत्यक्षात अशी होते.

ही कल्पना महाराष्ट्राला कुणी बाहेरून आणून द्यावी लागलेली नाही. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने वेगवेगळ्या जातिधर्मांची वसतिगृहं उभी राहिली. त्या त्या समाजाने ती चालवायची आणि राज्याने पाठीशी उभं राहायचं, अशी ती रचना होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग गरीब मुलांना दिला. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या उद्योगातून शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण आणि शाळेने आपला खर्च शक्यतो आपल्या कामातून काढणं, हे तिचे धागे. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने आपले दरवाजे उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी दिलेला तो आसरा ज्यांना मिळाला त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. म्हणजे समाजाने चालवलेलं वसतिगृह, कामातून शिक्षण आणि परागंदा विद्यार्थ्याला आसरा या तिन्ही गोष्टी १९४७ पूर्वीच इथे घडलेल्या होत्या.

या पार्श्वभूमीवर वळिवड्याची गोष्ट वाचायला हवी. मराठी मुलखातलं या विषयाचं सगळ्यात बोलकं उदाहरण तेच आहे, म्हणून इथे थोडं थांबणं भाग आहे.

१९३९ मध्ये पोलंडच्या पूर्व भागावर सोव्हिएत फौजा चालून आल्या आणि पुढच्या दोन वर्षांत लाखो पोलिश नागरिक सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार झाले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, राजकारण फिरलं आणि या लोकांच्या सुटकेचा करार झाला. जगले-वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यातल्या मुलांची एक तुकडी १९४२ मध्ये जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी नवानगर संस्थानात, बालाचडीला ठेवून घेतली. मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच्या वळिवडे गावाजवळ १९४३ मध्ये उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं तिथे राहत, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. पुरुष फौजेत तरी होते किंवा हयात नव्हते.

पंचगंगेच्या काठच्या या उन्हाळी, पावसाळी मुलखात लाकूड-कौलांच्या बराकींच्या रांगा होत्या आणि त्यांत पोलिश भाषेतल्या शाळा भरत. प्राथमिक वर्ग, माध्यमिक शिक्षण, धंदेशिक्षणाचे वर्ग, स्काउट पथकं, चर्च, नाटकमंडळी असं सगळं होतं. पुस्तकं अपुरी होती. अनुभवी शिक्षक कमी होते, कारण पोलंडचा शिकलेला वर्गच युद्धात चिरडला गेला होता. मग ज्या बाईला जे येत होतं ते ती शिकवू लागली. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडून पैसा येई, पण वर्ग, वेळापत्रक, सण, शिस्त हे सगळं वसाहतीने स्वतः चालवलं. कैद आणि उपासमार यांत शाळेची दोन-तीन वर्षं गमावलेली मुलं इथे पुन्हा फळ्यासमोर बसली.

ही सगळी शाळा एका गृहीतावर उभी होती. युद्ध संपेल, पोलंड स्वतंत्र होईल आणि ही मुलं घरी जातील. म्हणून पोलिश इतिहास, पोलिश भूगोल, पोलिश प्रार्थना. १९४५ मध्ये याल्टा इथे बड्या राष्ट्रांनी पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकवली आणि वळिवड्यातल्या बहुसंख्य कुटुंबांची गावं सोव्हिएत संघात गेली. त्याच वर्षी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या घराच्या नकाशावर शाळा उभी होती ते घर नकाशावरून गेलं. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही जण पोलंडला गेले, पण बरेच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर देशांत विखुरले. त्या नव्या देशांत त्यांना उपयोगी पडलं ते वळिवड्यात शिकलेलं वाचन-लेखन, गणित, शिवण, हिशेब आणि एकत्र राहून कारभार चालवायची सवय. पोलिश भूगोल त्यांनी मनात जपला, पण पोट भरलं दुसऱ्याच गोष्टींनी. दशकांनंतरही ही माणसं म्हातारपणी कोल्हापूरला येत राहिली. त्यांच्या आठवणींत शाळेला मोठी जागा आहे.

‘परतण्यासाठी शिकवायचं की राहण्यासाठी?’ विस्थापितांच्या शिक्षणातला मूळ प्रश्न हा आहे आणि गेल्या ऐंशी वर्षांतल्या सगळ्या विचारधारा याच प्रश्नाच्या उत्तरावरून वेगळ्या झाल्या. वळिवड्याने हे दाखवलं की उत्तर बरेचदा शिकवणाऱ्याच्या हातात नसतंच, ते दूर कुठल्यातरी परिषदेत ठरतं. म्हणून ज्या शाळेने एकाच उत्तरावर सगळा डाव लावला नाही तिची मुलं सावरली.

पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. वसाहतीचं नाव गांधीनगर झालं. आज पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले कापड दुकानदार घाऊक मालासाठी जिथे जातात ते हेच गांधीनगर. एकाच जागेवर पाठोपाठ दोन विस्थापित समाज राहिले आणि दोघांनी शिक्षणाचे दोन वेगळे रस्ते धरले. सिंधी समाजाला परतीची आशा फार काळ नव्हती. सिंध प्रांत सबंधच्या सबंध पाकिस्तानात गेला होता, भारतात सिंधी भाषेचं राज्य म्हणून काही उरलंच नव्हतं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत नव्वद हजारांहून जास्त लोक आणून ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची कोनशिला बसली. आजही तिथल्या भागांना कॅम्प एक, कॅम्प दोन असंच म्हणतात.

सिंधी समाजाने दोन्ही टोकांकडून एकदम काम सुरू केलं. खालच्या टोकाला घराघरांत पापड, लोणची, शिवण आणि छोटा व्यापार. मुलगा वडिलांच्या ठेल्यावर बसून हिशेब शिकला. वरच्या टोकाला महाविद्यालयं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद-सिंधच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं राहिलं, १९५४ मध्ये के. सी. कॉलेज आलं. निर्वासित होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच ज्या समाजाने महाविद्यालय काढलं, त्याने शिक्षणाला भाकरीच्या बरोबरीचं स्थान दिलं होतं हे उघड आहे. या महाविद्यालयांत मराठी, गुजराती, कोकणी मुलंही शिकली. निर्वासितांची संस्था यजमान गावाच्या उपयोगी पडली की दोघांमधला संशय लवकर ओसरतो, याचं मुंबईइतकं ठळक उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

त्याची किंमतही होती. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, पण तोवर लिपी अरबी की देवनागरी हा वाद पेटलेला होता आणि मुलं इंग्रजी, हिंदी, मराठी माध्यमांत निघाली होती. पैसा आला, पदव्या आल्या; आजीची भाषा नातवाला वाचता येईना. हे नुकसान कुठल्याही जमाखर्चात दिसत नाही. समाजाधारित शिक्षणाच्या यशाच्या कहाण्या सांगताना ते सांगायचं राहून जातं, म्हणून इथे मुद्दाम नोंदवलं आहे.

याच वर्षांत उत्तरेकडे आणखी दोन प्रयोग झाले आणि गांधीजींच्या सेवाग्रामचा त्यांच्याशी संबंध आहे. कुरुक्षेत्रच्या अवाढव्य छावणीत एस. के. डे यांनी धंदेशिक्षणाचं केंद्र सुरू केलं आणि मग दलदलीच्या जागेवर निलोखेडी हे गाव निर्वासितांच्याच हातांनी वसवलं. शिकता शिकता गाव बांधायचं आणि त्या गावात आपल्याच कारखान्यांत काम करायचं, अशी योजना होती. १९५२ मध्ये देशभर सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाचं मूळ इथे आहे, आणि डे पुढे त्याच खात्याचे केंद्रीय मंत्री झाले. फरिदाबादला सरहद्द प्रांतातून आलेल्या लोकांनी सहकारी संस्था करून स्वतःची घरं बांधली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने साथ दिली आणि सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम् यांनी तिथे नई तालीमचं काम उभं केलं. काही वर्षांनी सरकारी खात्याने कारभार हातात घेतला आणि सहकाराचा जोर ओसरला. खातं कामाला वाईट होतं असं नव्हे. पण लोकांनी ठरवायच्या गोष्टी कचेरीत ठरू लागल्या की लोक लाभार्थी होतात, आणि लाभार्थ्याला शाळेत लक्ष घालायचं कारण उरत नाही.

प्रत्येक तालुक्यातल्या ओळखीच्या आयटीआयचा उगमही इथेच सापडतो. १९४५ च्या जुलैत युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने एक महासंचालनालय काढलं. फाळणीनंतर निर्वासितांच्या रोजगाराचं आणि प्रशिक्षणाचं काम त्याच्याकडे आलं. १९५० मध्ये त्यातून कारागीर प्रशिक्षण योजना आकाराला आली आणि पुढे आयटीआयचं जाळं पसरलं. फिटर-वेल्डर-वायरमनचं प्रमाणपत्र घेणाऱ्या आजच्या सोलापुरी मुलाचं शिक्षण अशा रीतीने युद्ध आणि फाळणीच्या पोटातून आलं आहे.

तिबेटी समाजाने तिसरा रस्ता धरला. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी मुलांसाठी १९६१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र शाळा-प्रशासन स्थापन केलं. तिबेटी भाषा आणि धर्म, बरोबरीने हिंदी-इंग्रजी आणि भारतीय परीक्षा. घर आणि परका मुलूख दोन्हींसाठी एकाच वेळी शिकवायचं, असा हा मध्यम मार्ग. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावला १९७२ मध्ये वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात शहराशहरांच्या फुटपाथवर स्वेटर विकणारी कुटुंबं मराठी वाचकाने पाहिलेली असतात. शेतीच्या मोकळ्या महिन्यांत चालणारा हा व्यापार म्हणजेच त्या समाजाने स्वतः शोधलेलं अर्थकारण आहे.

पोलंड, महाराष्ट्र आणि तिबेट यांना जोडणारी दोन माणसं इथे सांगितलीच पाहिजेत. वांदा दिनोव्स्का ही पोलिश लेखिका गांधीजींच्या परिवारात उमादेवी म्हणून ओळखली जाई. भारतात आलेल्या पोलिश निर्वासितांमध्ये तिने काम केलं आणि १९६० पासून तिबेटी मुलांसाठी झिजली. तिचा सहकारी मॉरिस फ्रिडमन हा वॉर्सातून आलेला अभियंता. १९३९ च्या औंध संस्थानच्या ग्रामस्वराज्याच्या घटनेमागे त्याचा हात होता, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाशीही तो जोडलेला होता, आणि तिबेटी निर्वासितांसाठीही त्याने खटपट केली. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेणारा तोच. कैद्याला कुलूप न लावता काम आणि विश्वास द्यावा, हा औंधचा विचार आणि निर्वासिताला अन्नछत्राऐवजी जमीन आणि शाळा द्यावी हा विचार एकाच मुळाचे आहेत. हा धागा मराठीत अजून कुणी नीट ओढून पाहिलेला नाही.

गडचिरोलीतल्या बंगाली निर्वासितांची गोष्ट अवघड आहे. पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं चामोर्शी, मुलचेरा भागांत वसवली गेली. त्यांच्यातले नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्यांचं नाव नाही. त्यामुळे शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा या दारांशी त्यांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या अडतात. जमीन मिळूनही शिक्षण कुठे अडकतं हे यातून कळतं.

जगभरात या क्षेत्राचे जे प्रवाह तयार झाले ते या देशी अनुभवांशी ताडून पाहता येतात. एक प्रवाह संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या यंत्रणांचा. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी १९५० मध्ये सुरू झालेल्या यूएनआरडब्ल्यूएने शाळांबरोबर धंदेशिक्षणाची केंद्रं काढली. त्यांतलं कलंदियाचं केंद्र १९५३ चं. दुसरा प्रवाह मुक्तिलढ्यांचा. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने १९७८ पासून टांझानियातल्या मझिम्बू इथे परागंदा तरुणांसाठी सोलोमन माहलांगू कॉलेज चालवलं. उद्याच्या देशाचे कारभारी आजच तयार करायचे, हा त्याचा बाणा होता. तिसरा प्रवाह निर्वासितांना यजमान देशाच्याच शाळांत सामावून घ्यावं असं म्हणतो, आणि गेल्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांचा कल याच बाजूला आहे. चौथा प्रवाह निर्वासितांनी स्वतः, कुणाची वाट न पाहता काढलेल्या शाळांचा. इंडोनेशियातल्या चिसारुआ गावात अडकून पडलेल्या हजारा समाजाच्या निर्वासितांनी २०१४ मध्ये स्वतःचं शिक्षण केंद्र सुरू केलं. तिथे त्यांना नोकरी करायला कायद्याने मनाई, सरकारी शाळेची वाट बिकट. मग ज्यांना इंग्रजी येत होतं ते तरुण-तरुणी शिक्षक झाले. कोणत्याही प्रकल्प-अहवालापेक्षा हे उदाहरण वळिवड्याच्या जवळचं आहे.

कौशल्य-प्रशिक्षणाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जगात कुठेही छावणी पडली की बायकांसाठी शिलाई मशीन येतं. तीन महिन्यांचा वर्ग होतो, प्रमाणपत्र वाटलं जातं, फोटो निघतो. सोलापूरच्या गणवेश उद्योगाशी ताडून पाहिलं तर यातली खोट लगेच दिसते. तिथल्या कारखान्यात एक बाई फक्त कॉलर लावते, दुसरी काज करते, तिसरी ओव्हरलॉकवर बसते. विजेवरचं जुकी मशीन पायाच्या मशीनच्या कितीतरी पट वेगाने पळतं आणि मजुरी नगावर मिळते. छावणीत पायाच्या मशीनवर पोलकं शिवायला शिकलेली बाई या रांगेत बसली की पहिल्या आठवड्यातच मागे पडते. उलट घरी शिवण घेऊन बसायचं तर तिला बेतणं-कापणं पक्कं यावं लागतं, आणि वर्गात वेळ सगळ्यात कमी मिळतो तो कापण्यालाच, कारण कापड वाया जाण्याची धास्ती असते. त्यात नव्या गावात गिऱ्हाईक कोण? ओळख नसलेल्या बाईकडे कुणी लग्नातलं कापड टाकत नाही. मशीन देणं सोपं आहे. पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणं अवघड, आणि ते काम समाजच करू शकतो. उल्हासनगरचा पापड याच कारणाने चालला. तो आधी सिंध्यांनीच विकत घेतला आणि मग इतरांच्या ताटात गेला.

हा विषय आजचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने विस्थापित झालेली होती. निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण २०२३ मध्ये शंभरात सातच्या आसपास मोजलं गेलं. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत २०१७ पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले, तिथे म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २०२१ उजाडलं. परतण्यासाठी शिकवायचं ठरलं, पण परतीचा रस्ता बंद आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथे प्रत्येक समाजाचं नशीब वेगवेगळ्या सरकारी आदेशांवर ठरत आलं आहे. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून साठ हजारांच्या आसपास लोक आपल्याच राज्यात विस्थापित झाले. १९९० मध्ये खोरं सोडावं लागलेल्या काश्मिरी पंडितांच्या मुलांना महाराष्ट्राने महाविद्यालयांत जागा दिल्या. पुण्यात संजय नहार यांच्या ‘सरहद’ने काश्मिरी मुलांच्या शिक्षणाचं काम वर्षानुवर्षं चालवलं. श्रीगोंद्याकडून निघालेल्या अधिक कदम यांनी २००२ मध्ये कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घर उघडलं. आसरा देणारा, आणि आसऱ्याच्या जागी जाऊन काम करणारा असा दुहेरी वारसा मराठी माणसाकडे आहे.

हे पुस्तक या वारशाला एकत्र ठेवून पाहतं. त्यात वळिवडे आहे, उल्हासनगर आहे, गोठणगाव, चामोर्शी आहेत आणि या सगळ्यांच्या मध्ये हैदराबाद संस्थानच्या हद्दीवरची अक्कलकोट तालुक्याची गावं आहेत. आतापर्यंत यांतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कप्प्यात पडली होती: पोलिश लोकांची गोष्ट कोल्हापूरच्या अभिमानात, सिंध्यांची फाळणीच्या इतिहासात, बंगाल्यांची आदिवासी भागाच्या बातम्यांत, रझाकारी काळाची मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत. शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना प्रश्न विचारू लागतात. शाळा कुणी चालवली? भाषा कुणी ठरवली? शिकलेलं कसब कुणी विकत घेतलं? कागद कुठे अडला? मुलींना किती वाटा मिळाला? हे पाच प्रश्न पुस्तकभर फिरत राहतात आणि प्रत्येक समाजाचं उत्तर निराळं येतं. कुठलाही एक नमुना सर्वांना लागू करण्याचा आग्रह संपादकांनी धरलेला नाही, आणि हे या पुस्तकाचं बळ आहे.

मर्यादाही सांगायला हव्यात. यात धोरणाचा मसुदा नाही, प्रशिक्षण केंद्र कसं काढावं याची कृतिपुस्तिका नाही. आपत्तीतले किंवा धरणामुळे उठवलेले लोक इथे नाहीत. कोयना-उजनीच्या विस्थापितांवर वेगळं पुस्तक व्हावं इतका तो विषय मोठा आहे. पुस्तक प्रामुख्याने शाळेतल्या शिक्षकांसाठी, आयटीआयच्या निदेशकांसाठी, बचत गटांबरोबर काम करणाऱ्यांसाठी आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ते सरळ पहिल्या पानापासून वाचायला हवं असं नाही. ज्याला शिवणवर्ग चालवायचा आहे त्याने उल्हासनगरपासून सुरुवात करावी, ज्याच्या वर्गात दुसऱ्या भाषेचं मूल आलं आहे त्याने गडचिरोलीपासून.

सीमेवरच्या शिक्षकांकडून मात्र या पुस्तकाची एक थेट अपेक्षा आहे. मैंदर्गी, दुधनी, वागदरी आणि पलीकडच्या आळंद-अफझलपूरच्या गावांत १९४८ साली सात-आठ वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. हद्दीच्या दोन्ही बाजूंची, हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांची. त्यांना लढ्याबद्दल याआधी विचारलं गेलं असेल. आता शाळेबद्दल विचारायला हवं. कितवीत होतात, पाटी कुठे राहिली, नव्या गावात गुरुजींनी कोणत्या भाषेत नाव विचारलं, वडिलांनी तिथे पहिलं काम कोणतं धरलं आणि ते कुणाकडे शिकले. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधल्या त्या दोन वर्षांच्या नोंदी या उत्तरांशी लावून पाहता येतील. पुढच्या आवृत्तीत या तालुक्याचा भाग सगळ्यात मोठा व्हावा अशी संपादकांची इच्छा आहे. त्यासाठीच पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं ठेवली आहेत.